एफ अक्षराचे बोल्ट

दसऱ्याच्या संध्याकाळी कोल्हापूरच्या दसरा चौकात सीमोल्लंघनासाठी छत्रपती घराण्याची मेबॅक मोटार येते, तेव्हा जमलेल्या गर्दीतले बहुतेक लोक मोटारीत बसलेल्या मंडळींकडे पाहतात. आमचे बाबा मात्र डोळे मिटून उभे राहतात. त्यांना एंजिन ऐकायचे असते. छत्रपती राजाराम महाराजांच्या काळातली ही जर्मन मोटार. तिच्या कारखान्याने एके काळी झेपेलिन हवाई जहाजांची एंजिने घडविली. आपट्याची पाने लुटून लोक पांगू लागले, की बाबा डोळे उघडतात आणि ‘बरी हाय’ किंवा ‘एक सिलिंडर कुरकुरतोय’ एवढाच अभिप्राय देऊन चालू लागतात. त्यांचा हा अभिप्राय मेबॅकपर्यंत अर्थातच कधी पोहोचत नाही.

बाबांचे सारे आयुष्य उद्यमनगरात गेले. १९५८ साली, वयाच्या चौदाव्या वर्षी, ते एका मेस्त्रीच्या हाताखाली दुकान झाडायला राहिले. पुढे टर्नर झाले, मग फिटर, आणि अखेरीस स्वतःचे चार खणांचे दुकान त्यांनी थाटले. ज्यांनी शिवाजी उद्यमनगर पाहिलेले नाही, त्यांना त्याची कल्पना सांगून येणार नाही. एका गल्लीत सुताराने लाकडी पॅटर्न करावा, दुसरीत त्यावरून मातीचा साचा घालावा, तिसरीत लोखंड ओतावे, चौथीत ते लेथवर चढावे. आणि हे सारे हाकेच्या अंतरावर. उसाच्या चरकांना आणि विहिरींवरच्या पाण्याच्या पंपांना ऑइल एंजिने हवी होती, त्या गरजेतून ही वस्ती वाढली. परदेशी यंत्राचा सुटा भाग मिळत नाही, म्हणून यंत्र टाकून देणे इथल्या माणसाला कधी पटले नाही. भाग मिळत नसेल तर तो करायचा, एवढेच.

आमच्या घरी मोटारींचे हे वेड एक पिढी ओलांडून अमेरिकेत गेले. आमच्या थोरल्या बहिणीचा मुलगा मिशिगन राज्यात नोकरी करतो आणि सुट्टीच्या दिवशी १९६६ सालच्या एका फोर्ड मस्टँगमध्ये डोके घालून बसतो. डेट्रॉइटच्या वुडवर्ड अ‍ॅव्हेन्यूवर १९९५ पासून दर ऑगस्टमध्ये जुन्या मोटारींचा जो मेळा भरतो, तेथून तो आजोबांना मोबाइलवर आवाज ऐकवतो. आमच्या वाचकांपैकी पुष्कळांना ठाऊक नसेल, की मोटारींचे हे जगप्रसिद्ध शहर संत अ‍ॅनाच्या सणाशी बांधलेले आहे. १७०१ च्या जुलै महिन्यात कॅडिलॅक नावाच्या फ्रेंच अधिकाऱ्याने तेथे वसाहत केली आणि दोन दिवसांनी, २६ जुलैला, म्हणजे पवित्र मरियेच्या मातेच्या सणादिवशी, तेथल्या देवळाचा आरंभ झाला. संत अ‍ॅनाचा तो धर्मग्राम आजही नांदतो आहे. कॅडिलॅकचे नाव पुढे मोटारीला मिळाले. १७६३ मध्ये त्याच डेट्रॉइटला वेढा घालणारा मूलनिवासी सरदार पाँटियाक, त्याचेही नाव मोटारीलाच मिळाले. वेढा घालणारा आणि गाव वसवणारा, दोघेही एकाच कंपनीच्या कारखान्यात चाकांवर चढले!

या पाँटियाक नावाच्या मोटारीपासूनच अमेरिकेतील ज्या प्रकाराला ‘मसल कार’ म्हणतात, त्याची गणना सामान्यतः सुरू होते. आमच्या खासबागेच्या भाषेत सांगायचे तर पैलवान मोटार. जनरल मोटर्स कंपनीने मध्यम आकाराच्या मोटारींना किती मोठे एंजिन बसवावे यावर मर्यादा घातली होती. जॉन डिलोरियन आणि त्यांच्या सहकारी अभियंत्यांनी १९६४ च्या हंगामात पाँटियाक टेम्पेस्ट या मध्यम गाडीत थोरल्या मोटारीचे ६.४ लिटरचे एंजिन बसविले आणि नियमाला वळसा घालण्यासाठी ते ‘जादा सोय’ म्हणून विकले. आपल्या जुन्या मारुती ८०० ची आठ एंजिने एकत्र केली, तर एवढे आकारमान भरेल. पहिल्याच वर्षी अशा ३२,४५० गाड्या खपल्या. त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये मस्टँग आली. मागून चार्जर, कॅमेरो, चॅलेंजर आल्या. हा उत्सव जेमतेम दहा वर्षे टिकला. विम्याचे हप्ते वाढले, १९७० साली हवेच्या शुद्धतेचा कायदा कडक झाला आणि ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब देशांनी तेल रोखले, तेव्हा या पैलवानांचा खुराकच बंद झाला. पाँटियाकची मूळ जीटीओ १९७४ साली बंद झाली. पाँटियाक हे नावही २०१० मध्ये मिटले.

भाच्याने आपल्या मस्टँगचे जे केले, ते ऐकून आम्हांला प्रथम नवल वाटले. त्याच्या गाडीत मुळात सहा सिलिंडरचे साधे एंजिन होते. ते काढून त्याने व्ही-८ बसविले, पुढे डिस्क ब्रेक घातले, गिअरबॉक्सही बदलला. तिकडे या कामात दोन पंथ आहेत. एक पंथ म्हणतो, कारखान्यातून निघाली तशीच गाडी हवी. एंजिनावर कोरलेला आकडा सांगाड्यावरच्या आकड्याशी जुळला पाहिजे. रंगाच्या आतला रंगही तोच हवा. दुसरा पंथ म्हणतो, रूप जुने राहू दे, आतडी नवी घालू. आणि दोन्ही पंथांना पुरवठा करणारी मोठी बाजारपेठ आहे: मस्टँगचा तर अख्खा पत्र्याचा सांगाडा आज नवा करकरीत विकत मिळतो. मग जुने उरले काय, असे आम्ही भाच्याला विचारले. तो हसून म्हणाला, “मामा, मसल कार ही मुळातच दुसऱ्या गाडीचे एंजिन बसवून तयार झालेली. तिच्यात फेरफार करणे हाच तिचा मूळ धर्म.” मुलगा वकील व्हायचा तो अभियंता झाला.

आमच्याकडे ही पैलवान मंडळी जवळजवळ आलीच नाहीत. आयातीवर निर्बंध, परकीय चलनाची टंचाई. अमेरिकेत व्ही-८ गरजत असताना आपण फियाट आणि अ‍ॅम्बेसेडरसाठी वर्षानुवर्षे नंबर लावून बसलो होतो. त्याआधी मात्र अमेरिका आपल्या रस्त्यांवर भरपूर होती. जनरल मोटर्सने मुंबईत शिवडीला १९२८ पासून १९५४ पर्यंत मोटारी जोडल्या. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाईल्स स्थापन केली आणि तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून डॉज, प्लिमथ बाहेर पडल्या. महायुद्ध संपल्यावर लष्कराच्या जादा झालेल्या जीप लिलावात निघाल्या, आणि १९४७ पासून महिंद्रांनी मुंबईत विलिस जीप जोडायला घेतल्या. डोंगराकडेच्या वाड्यांना, ऊसपट्ट्यातल्या पाणंदींना आणि खेड्याखेड्यांत मिस्सा साजरी करीत फिरणाऱ्या मिशनरी फादरांना जी अमेरिका भेटली, ती जीपच्या रूपाने.

अशीच एक जीप २०२२ च्या पावसाळ्यानंतर बाबांच्या दुकानात आली. आली म्हणजे ट्रॉलीवर घालून आणली. प्रयाग चिखलीच्या एका शेतकरी कुटुंबाची. घरच्या कर्त्या पुरुषाने ती लिलावात घेतली होती. पुढे १९८६ पासून ती गोठ्याशेजारच्या पडवीत उभी होती. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात पंचगंगेने ती बुडविली आणि जुलै २०२१ मध्ये पुन्हा बुडविली. आम्ही पाहिली, तेव्हा गिअरबॉक्सच्या झाकणाखालून गाळाचा वाळका पापुद्रा निघत होता आणि चारही पिस्टन जाम झालेले होते. तिच्याबरोबर आला होता त्या घरचा पणतू, अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला असलेला.

“काका, हे एंजिन काढून टाकूया,” तो उत्साहाने म्हणाला. “डिझेल बसवू, पॉवर स्टिअरिंग लावू, रुंद टायर घालू. दसऱ्याला गावात एकच चर्चा होईल.”

“चर्चा हुईल की. पण मग ती जीप तुझ्या पणज्याची ऱ्हाणार न्हाई.”

“मग कुणाची?”

“तुझी. आणि तेवढंच पायजे असंल, तर नवी घे की बाळ. हिला कशाला तरास?”

मुलगा हुशार होता. आमच्याकडून त्याने भाच्याच्या मस्टँगची हकीकत ऐकलेली होती. तो शांतपणे म्हणाला, “तुमच्या नातवाने अमेरिकेत गाडीचं एंजिन बदललेलं तुम्ही कौतुकानं सगळ्यांना दाखवता. मी इथं बदललं तर त्रास कसा?”

बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. आम्हांलाही उत्तर सुचले नाही. प्रश्न रास्त होता, आणि सगळे कोल्हापूर त्याच्या बाजूने साक्ष द्यायला उभे होते. रिक्षासुद्धा नवरीसारखी नटवून तिची सौंदर्यस्पर्धा लावणारे हे गाव. इथे कारखान्यातून आली तशी गाडी वापरणे म्हणजे हौस नसल्याचे लक्षण!

अखेर बाबांनी त्याला एक तारेचा ब्रश, रॉकेलचा डबा आणि जुनी चिंधी दिली आणि बोल्ट साफ करायला बसविले. दुपारपर्यंत त्याने हाक मारली. बोल्टच्या माथ्यावर गंजाखालून इंग्रजी एफ हे अक्षर उमटले होते. ही जीप विलिसची नव्हे, फोर्डची होती. महायुद्धात एकट्या विलिस कंपनीला मागणी पुरी करता येईना, तेव्हा तोच नमुना फोर्डलाही दिला गेला. दोघांनी मिळून सहा लाखांवर जीप बनविल्या. आराखडा दुसऱ्याचा असला, तरी फोर्डने आपल्या भागांवर, अगदी बोल्टांवरही, आपले अक्षर उमटविले. पणतू तीन दिवस बोल्ट घासत बसला. शंभरावर सापडले. त्याने वहीत त्यांचा नकाशा काढला, कोणता कुठला ते लिहिले. चौथ्या दिवसापासून डिझेल एंजिनाचा विषय निघाला नाही. बाबांनीही तो काढला नाही.

काम दीड वर्ष चालले. पिस्टन सोडविण्यासाठी सिलिंडरांत डिझेल आणि रॉकेल ओतून आठ दिवस वाट पाहावी लागली. हेड उतरविल्यावर कळले, की एका व्हॉल्व्ह सीटपासून सिलिंडरकडे एक बारीक भेग गेली आहे. पुराने एंजिन गंजते, भेगाळत नाही. ही भेग जुनी होती. घरच्या आजींना विचारले, तेव्हा त्या म्हणाल्या, की १९६१ साली त्या गडहिंग्लजकडून नवरी म्हणून याच जीपमधून आल्या, आणि वाटेत चढावर गाडी इतकी तापली, की वऱ्हाडाने विहिरीचे पाणी शेंदून तिच्यावर ओतले. भेग तेव्हाचीच, हे कोणी सिद्ध करू शकणार नाही. तापलेल्या बिडावर गार पाणी ओतले तर भेग पडते, हे मात्र उद्यमनगरातले पोरही सांगेल.

बीड वेल्डिंग करायला कठीण. नीट तापविले नाही तर जोडाशेजारी पुन्हा तडकते. बाबांनी जुनी रीत धरली. भेगेवर एकाला एक चिकटून बारीक भोके पाडायची, त्यांत आटे कापायचे, लोखंडी पिना पिळून बसवायच्या आणि वरून घासून सपाट करायचे, जणू लोखंडाला टाके घालायचे. पण बाबांचे हात आता कापतात. डॉक्टरांनी त्या कंपाचे जे नाव सांगितले, ते घरात कोणी उच्चारीत नाही. आटे कापण्याचे काम त्यांनी पणतूला दिले आणि स्वतः त्याच्या मनगटावर आपला हात ठेवून बसले. पान्याचा दाब किती आणि तो केव्हा सोडायचा, हे तोंडाने सांगता येत नाही. थरथरता हात स्थिर हातावर ठेवलेला असा कित्येक दुपारी आम्ही पाहिला आणि काही ना काही निमित्त काढून दुकानाबाहेर गेलो.

एक्झॉस्ट मॅनिफोल्ड कामातून गेला होता. तो शेजारच्या गल्लीत नवा ओतला. पॅटर्न करणाऱ्या सुताराची पट्टी पाहण्यासारखी असते. ओतीव बीड निवताना शेकडा एकच्या आसपास आकसते, म्हणून त्याच्या पट्टीवरचा फूट खऱ्या फुटापेक्षा तेवढाच मोठा आखलेला असतो. पणतूने तो नवा मॅनिफोल्ड हातात घेऊन विचारले, “काका, हा तर फोर्डचा नव्हे. मग आपण मूळ राखलं कुठं?” बाबा म्हणाले, “जे मेलं ते मेलं. जितं हाय ते मारू नये, येवढंच माझं म्हननं.”

या उत्तरावर आम्ही पुष्कळ विचार केला. जुन्या वस्त्राला कोऱ्या कापडाचे ठिगळ लावू नये, हा प्रभू येशूचा दाखला आपण मिस्सामध्ये ऐकतो. ठिगळ आकसते आणि फाटलेले अधिकच फाटते. हे उद्गार सुताराच्या घरात वाढलेल्याचे आहेत, हे आम्हांला त्या सुताराची पट्टी पाहिली तेव्हा नव्याने जाणवले. आकसणे किती, ते आधी मोजले पाहिजे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेमुळे (१९६२–६५) झालेल्या बदलांत वेदी लोकांकडे वळली आणि मिस्सा मराठीत आली, तेव्हा आमची आजी कित्येक महिने रुसून होती. तिला वाटे, देवळाचे एंजिनच बदलले. परिषदेचे आचार्य मात्र एकाच वेळी दोन गोष्टी सांगत होते, मूळ झऱ्याकडे परत जा आणि आजच्या काळाशी बोला. भाच्याचे दोन पंथ तिथे एका बाकावर बसलेले होते म्हणा ना.

आणि आणखी एक. परदेशांतल्या प्रदर्शनांतून ज्या जुन्या मोटारी आरशासारख्या चकाकताना दिसतात, त्या आम्हांला थोड्या खोट्या वाटतात. कारखान्यातून निघताना त्या इतक्या गुळगुळीत खासच नव्हत्या. पुनरुत्थित प्रभूचे शरीर गौरवी होते, तरी हातापायांचे आणि कुशीचे व्रण त्याने पुसले नाहीत; थोमाने ओळखले ते त्या व्रणांवरून. जीपच्या डाव्या बाजूला बैलगाडीच्या आसाने पडलेला एक पोचा होता. पेंटरने त्यात लांबी भरायला घेतली, तेव्हा आजींनीच ती भरू दिली नाही.

सगळेच मात्र बाबांनी जुने ठेवले नाही. दिव्यांची मूळची सहा व्होल्टची व्यवस्था काढून बारा व्होल्टची केली आणि ब्रेकच्या नळ्या सगळ्या नव्या घातल्या. पणतूने चिडवले, तेव्हा म्हणाले, “थांबायच्या बाबतीत हट्ट करू नये.”

कायद्याचेही पाहावे लागले. गाडीच्या मूळ रचनेत फरक पडेल असा फेरफार करून तिची नोंदणी करता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये सांगितले आहे. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी वेगळे नियम केले. सांगाडा, बॉडी आणि एंजिन यांत मोठा बदल नसेल, तर अशा गाडीची ‘व्हिंटेज’ म्हणून दहा वर्षांसाठी नोंद होते. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये. आणि ती रोजच्या वापरासाठी किंवा धंद्यासाठी फिरवायची नाही. डिझेल एंजिन बसविले असते, तर हा दरवाजा बंद होता. पणतूला हे बोल्ट घासून झाल्यावर कळले, याचे आम्हांला समाधान आहे. आधी कळते, तर तो कायद्याला शरण गेला असता, जीपला नव्हे.

२०२४ च्या ईस्टरनंतरच्या आठवड्यात एंजिन सुरू झाले. दुकानातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक गाडीवर बाबा पास्काच्या जागरणाला आशीर्वादित केलेले पाणी शिंपडतात. गिऱ्हाईक कोणत्याही धर्माचे असो, आजवर कोणी हरकत घेतलेली नाही. चिखलीच्या मंडळींनी नारळ फोडला, आजींनी ओवाळले, मग बाबांनी बाटली काढली. हात कापत असल्यामुळे पाणी भलतीकडेच उडाले. “बॉनेटवर पडू दे आजोबा, डिस्ट्रिब्युटरवर नको,” मिशिगनहून मोबाइलवर पाहणारा भाचा ओरडला.

एंजिन एका ठेक्यात चालले होते. बाबा डोळे मिटून उभे होते. सगळे त्यांच्या तोंडाकडे पाहत राहिले.

“बरी हाय,” ते म्हणाले.

जीपचे जुने कागद पुरात लगदा झालेले असल्यामुळे नोंदणीचे काम अजून अर्धवट आहे. तोवर ती चिखलीच्या शेतात, बांधापासून विहिरीपर्यंत, रविवारी एकदा फिरते. आजी पुढे बसतात. पणतू आता पुण्याला नोकरीला आहे. महिन्यातून एकदा येतो आणि घरी जाण्याआधी उद्यमनगरात उतरतो. गेल्या खेपेस त्याने बाबांसाठी एक छोटी डबी आणली. तिच्यात एफ अक्षराचे दोन बोल्ट होते, गोठ्याच्या मातीत सापडलेले. बाबांनी ते दिव्याखाली धरून पाहिले आणि कुठले आहेत ते ओळखले, वही न पाहता.